एक खांड्या, आठ मोटारी

साल्पेकर साहेबांनी मला फसवलं. त्याआधी मी त्यांना फसवलं होतं, हे मी नाकारत नाही. पण माझी फसवणूक सहा दिवस चालली आणि त्यांची जवळजवळ चाळीस वर्षं. शिवाय माझ्या फसवणुकीसाठी सहा बैलगाड्या, बारा बैल आणि अर्धं गाव राबलं होतं. त्यांनी मात्र खुर्चीवरून न उठता, एका वाक्यात काम उरकलं. मी आयुष्यभर खडीवाल्यांशी, डांबरवाल्यांशी, कंत्राटदारांशी आणि सरकारी टेबलांशी घासाघीस करत आले. मला दोनदा फसवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. एकदा फसवणारे मोजून तीन. त्यातले दोन वारले. तिसऱ्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे.

आमचं पळसझरी सेलू तालुक्यातलं. सेलूहून येणारा रस्ता गावात शिरण्याआधी नाला ओलांडायचा, आणि त्या नाल्यावर तेव्हा पूल नव्हता, रपटा होता. रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातच टाकलेली सिमेंटची फरशी. पाणी कमी असलं की पाण्यावरून गाडी जाते, जास्त असलं की गाडीवरून पाणी जातं. पावसाळ्यात बस रपट्यापर्यंत यायची, ड्रायव्हर खाली उतरून पाण्याकडे बघायचा, एक विडी ओढायचा आणि परत फिरायचा. बारावी झाल्यावर मला नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून मुलाखतीचं पत्र आलं. मी फॉर्मवर स्थापत्य का लिहिलं, असं लोक आता भाषणाबिषणाला बोलावून विचारतात, तेव्हा मी काहीतरी छान उत्तर देते. खरं कारण हे की हा रपटा ज्या कोणी बांधला त्याला मला गाठायचं होतं. मुलाखतीच्या दिवशी मी खताच्या रिकाम्या पिशवीत गुणपत्रिका घालून नाल्याच्या अलीकडे उभी होते. नाला तीन दिवस उतरला नाही. माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. त्या वर्षी एक स्थळही येऊन गेलं. मुलाकडची मंडळी रपटा बघूनच म्हणाली, सोयरीक चांगली आहे पण येणंजाणं कठीण. तेवढा एक उपकार सोडला, तर रपट्याचं आणि माझं उघड वैर होतं.

पुढच्या श्रावणात एक जीप रपटा ओलांडून गावात आली. त्यातून साल्पेकर साहेब उतरले, त्यांचे दोन मदतनीस उतरले आणि लाकडी पेट्या उतरल्या. साहेब नागपूरचे, पस्तिशीतले, सडपातळ. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रस्त्याची सुधारणा करायची होती, पण किती करायची हे ठरलेलं नव्हतं: नुसता डांबराचा हात फिरवायचा, की रस्ता रुंद करून नाल्यावर पूल बांधायचा. ते ठरणार होतं रस्त्यावरून किती गाड्या जातात त्यावर, आणि त्या गाड्या सात दिवस, दिवसरात्र बसून मोजायच्या होत्या. साहेबांना राहायला जागा हवी होती आणि जेवायला घर. गावात मोकळी छपरी आमचीच होती. बाबांनी ती बैलांच्या पेंडीसाठी बांधली होती, आणि पेंड अजून आली नव्हती.

"जेवणाचं काय घ्याल?" साहेबांनी मायला विचारलं.

मायनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरी स्वयंपाक माय करायची आणि भाव मी. दहा वर्षांची असल्यापासून सेलूच्या बाजारात आमच्या वांग्यांचा ढीग माझ्याच ताब्यात असायचा.

"जेवणाचं जे द्यायचं ते द्या," मी म्हटलं. "पण गाड्या मोजाले मी बसीन. सकाळची पाळी मले पायजे."

"मुलगी? दिवसभर फाट्यावर?"

"मंग चूल बी फाट्यावरच मांडून घ्या."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "साहेब, तिच्यासंगं भांडू नका. मी तिचा बाप हावो, अन् मी बी भांडत नाई."

अशी माझी पहिली नेमणूक झाली. तोंडी, बिनपत्राची, आणि सौद्यात पूर्ण माझ्या बाजूनं.

त्या आठवड्यात घराला एक वेगळाच आवाज आला होता. पहाटे मायची भाकरी थापल्याची थपथप, त्यातच साहेबांच्या ट्रान्झिस्टरवरची खरखर, आणि मदतनीस मोजायची लोखंडी साखळी अंगणात उलगडायचे तिचा खळाळ. कोंबड्या त्या साखळीला साप समजून ओरडायच्या. रस्त्याची पातळी बघायची दुर्बीण तीन पायांवर छपरीत उभी असायची. मायला ते प्रकरण देवाचं वाटलं की भुताचं, तिनं कधी सांगितलं नाही, पण पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या एका पायाला हळदीकुंकू लावलं आणि कोंबड्या बसू नयेत म्हणून वरून जुनं लुगडं पांघरलं. साहेबांनी लुगडं रोज काढलं आणि रोज नीट घडी करून ठेवलं. हळदीकुंकू पुसलं नाही. माणूस वाईट नव्हता, हे मी लिहून ठेवते. पुढे मी जे म्हणणार आहे त्यावरून कोणाचा गैरसमज नको.

आणि जेवायचा कसा! चण्याच्या डाळीचे गोळे भातात मोडून वरून फोडणीचं तेल ओतलं, की साहेब बोलायचं थांबायचे. तरोट्याची पालेभाजी, चून म्हणजे आमचं पिठलं, ज्वारीची भाकर, आणि दोनदा सांभारवडी झाली. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, नाहीतर ते वडीत वरण शोधत बसतील. साहेब ताटावरून उठता उठता म्हणायचे, "आणखी एक चालेल." हे वाक्य लक्षात ठेवा.

माझी पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. फाट्यावरच्या निंबाखाली टेबल, टेबलावर छापील कागद, कागदावर रकाने: मोटार, ट्रक, बस, सायकल, बैलगाडी. गाडी गेली की रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. पहिल्या दिवशी माझ्या पाळीत दोन बस, एक ट्रक, साहेबांचीच जीप, काही सायकली आणि अकरा बैलगाड्या गेल्या. उरलेला वेळ मी निंबोळ्या मोजल्या. आता हेच काम खांबावरचा कॅमेरा करतो आणि आमच्या ऑफिसातली पोरं वातानुकूलित खोलीत बसून आकडे काढतात. कॅमेऱ्याला गोळाभात लागत नाही आणि तो कोणाशी संगनमतही करत नाही. मला त्याचा फारसा आनंद होत नाही.

संध्याकाळी साहेबांनी कागद पाहिले आणि जेवताना म्हणाले, "असंच राहिलं तर डांबराचा एक हात मिळेल. पूल विसरा."

"बस दोन अन् बैलगाड्या अकरा," मी म्हटलं. "बैलगाडीले काई किंमत हाये का नाई?"

"आहे ना. तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे." साहेब खुलले. शिकवायला मिळालं की ते नेहमी खुलायचे. "रस्ता गाड्या मोजत नाही, शकूबाई, अडचण मोजतो. कोणती गाडी किती जागा अडवते, मागच्याला किती थांबवते, ते बघतो. मोटार एक धरली तर बस तीन. आणि बैलगाडी आठ."

"आठ काय?"

"आठ मोटारी. एक बैलगाडी रस्त्यावर आठ मोटारींएवढी धरतात. पुस्तकात आहे."

माझा घास हातातच राहिला. बाजारात समोरच्याला आपल्या मालाची किंमत आपल्याहून जास्त वाटते आहे, हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी मानेमागून एक मुंगी चालत जाते. ती मुंगी मला तेव्हा पहिल्यांदा कळली. साहेबांना वाटलं, पोरीला समजलं नाही; त्यांनी परत समजावून सांगितलं. मी परत ऐकलं.

जेवण झाल्याबरोबर मी गुलाबकाकाकडे गेले. गुलाबकाका बाबांचा चुलतभाऊ, गावातला सगळ्यात बोलका माणूस, आणि त्याचा बैल खांड्या गावातला सगळ्यात ओळखू येणारा बैल. मागच्या साली रपट्यावरच्या शेवाळावरून घसरून त्याचं डावं शिंग अर्धं मोडलं होतं, म्हणून नाव खांड्या. म्हणजे रपट्याशी वैर असलेले आम्ही तिघं होतो.

"काका, आठ मोटारी पायजे का तुमाले?"

"मले एक सायकल घेता नाई आली, आठ मोटारी कायच्या करू?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं खांड्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हंजे माहा खांड्या आठ मोटारी हाये?"

"खांड्या अन् त्याचा जोडीदार मिळून."

"जोडीदार कामचोर हाये. आठच्या आठ खांड्याच्या धर."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पळसझरीची रहदारी वाढली. गुलाबकाकानं आणखी पाच गाड्या जमवल्या होत्या. फाट्यावरून जायचं, शाळेमागच्या पांदणीनं, म्हणजे शेतवाटेनं, वळसा घालायचा, आणि परत फाट्यावरून यायचं. पावसानं उघाड दिली होती, शेतात चिखल होता, बैलांना दुसरं कामही नव्हतं. दर फेरीला काका झूल बदलायचा, घुंगरं काढायचा, दुसऱ्याची घालायचा. खांड्याच्या मोडक्या शिंगाला त्यानं कडब्याची पेंडी बांधून वर फडकं गुंडाळलं, त्यामुळे तो बैल दाढदुखी झालेल्या माणसासारखा दिसायला लागला. मी रेघा मारत होते. खोटी रेघ मी एकही मारली नाही, हे माझं म्हणणं आजही आहे. गाडी गेली, रेघ मारली. गाडी परत का आली, हे विचारायचा रकाना कागदावर नव्हता.

साहेब अधूनमधून जीपनं चक्कर टाकायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलाजवळच गुलाबकाकाला थांबवलं.

"काय बाबा, कुठं निघालात?"

"सेलूले, साहेब."

"मघाशी तुम्ही सेलूहूनच येत होता ना?"

"हाव. काई तरी इसरलो नं, मंग परत चाललो."

"काय विसरलात?"

"तेच आठवून राह्यलो, साहेब."

साहेबांनी मान हलवली, चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला आणि जीप सुरू केली. ते वळणाआड गेल्यावर आम्ही इतके हसलो की मी दोन सायकली लिहायच्या विसरले. संध्याकाळी मायनं सांभारवड्या तळल्या, त्यातल्या अर्ध्या झाकून गुलाबकाकाच्या घरी गेल्या. माय काही विचारायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "शके, बैल दमून राह्यले वं." मी म्हटलं, पूल झाल्यावर आराम करतील.

आता त्या आठवड्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मोजणीचा आठवडा साहेबांनी ठरवला नव्हता, त्यांच्या दूरच्या मोठ्या ऑफिसनं पत्रानं ठरवला होता. सणावाराला रहदारी मोजू नये, असा त्यांच्याच पुस्तकात नियम आहे. पण त्या ऑफिसातल्या लोकांच्या गावाकडे बैलांचा सण बेंदूर. तो आषाढातच होऊन जातो. आमचा पोळा श्रावणाच्या अमावास्येला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यामुळे मोजणीच्या सहाव्या दिवशी पोळा आला. साहेब कुरकुरले, पण पत्र ते पत्र.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. घरात पुरणाची डाळ निवडायची होती, झुला उन्हात घालायच्या होत्या, शिंगांचा रंग कालवायचा होता. मायनं सांगून ठेवलं होतं, उद्या सकाळी पुरण वाटाले तूच पायजे. मी विचार केला, रोज चाळीस गाड्या जातात. उद्याही चाळीसच जाणार. फाट्यावर बसून तेच लिहायचं, तर घरी बसून का नको? मी दिवा लागायच्या आत दुसऱ्या दिवशीचा कागद भरून टाकला. चार उभ्या, पाचवी आडवी, आठ वेळा. सायकली थोड्या कमी केल्या, सण होता म्हणून. मला माझ्या बारकाईचं कौतुक वाटलं.

पोळ्याच्या दिवशी साहेब आमच्याच पाटावर जेवायला होते. दारात बैल उभे होते, अंगावर गेरूचे ठसे, गळ्यात माळा, कपाळावर बाशिंगं. गुलाबकाकानं खांड्याच्या दीड शिंगाला हिरवा रंग दिला होता आणि मोडक्या टोकाला मोठा गोंडा बांधून बरोबरी साधली होती. मी पुरणपोळी वाढली, तूप सोडलं, आणि हात पुसून साहेबांना त्या दिवसाचा कागद दिला. त्यांनी तो वाचला. मग दारातल्या बैलांकडे पाहिलं. मग परत कागद वाचला.

"आज बसला होतात फाट्यावर?"

"हाव."

"रेघा फार सरळ काढता तुम्ही," साहेब म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "आणखी एक चालेल."

मी वाढली. मनात म्हटलं, किती साधा माणूस आहे.

दिवाळीनंतर साहेब परत आले ते खुंट्या घेऊन. रस्ता जिथून जायचा तिथं लाकडी खुंट्या ठोकत जातात. मी आणि गुलाबकाका रपट्याजवळ जाऊन उभे राहिलो, पहिली खुंटी बघायला. खुंटी आली नाही. दुपारी कोणीतरी सांगितलं की ते लोक खाली, दीड मैलावर, नाल्याच्या खडकाळ वळणाजवळ आहेत. आम्ही पळत गेलो. खुंट्यांची रांग नाला तिथं ओलांडत होती आणि शेतांमधून सरळ, गावाला लांबून वळसा घालून पुढे निघून जात होती. पूल होणार होता. रुंद रस्ताही होणार होता. फक्त पळसझरीत येणार नव्हता.

"साहेब, गाव तिकडं हाये," मी म्हटलं.

साहेब घडीच्या खुर्चीवर नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"माहीत आहे. पण काय करणार, शकूबाई? या रस्त्यावर रहदारी फार आहे. विशेषतः बैलगाड्यांची. एवढी रहदारी गावाच्या गल्लीतून नेता येत नाही. नियमच आहे तसा."

मी काय सांगणार होते? रहदारी खोटी आहे? मग पूलही जाणार. खरी आहे? मग गाव जाणार. आयुष्यात मला एकदाच कोणी अशा खिंडीत गाठलं, आणि तिथपर्यंत मी माझ्याच पायांनी, सहा गाड्यांची वरात घेऊन गेले होते. माझ्या मागे उभा असलेला गुलाबकाका हळूच म्हणाला, "लय झाल्या वाट्टे मोटारी."

मग माझं डोकं फिरलं. मी साहेबांना काय काय बोलले ते लिहीत नाही. माझी नातवंडं वाचतील. शेवटी म्हटलं, "मी शिकून येईन अन् हा तुमचा नकाशा खोडून टाकीन."

"या," साहेब म्हणाले. "वाट बघतो."

पंधरा दिवसांनी नागपूरहून जाड पाकीट आलं. आत पॉलिटेक्निकचा फॉर्म, मुलींच्या होस्टेलचा फॉर्म आणि एक नवीन खोडरबर. चिठ्ठी नाही. मायनं खोडरबर हुंगून पाहिला आणि विचारलं, "हे खायाचं हाये का?"

खोडायला मी गेले, आणि आखायला शिकले. वळणावर रस्त्याची बाहेरची कड थोडी उचलून का ठेवतात, उतारावर समोरचं किती लांबून दिसलं पाहिजे, पाणी रस्त्याचा खरा शत्रू कसं आहे, हे सगळं मी रागानं शिकले. आणि राग हा अभ्यासाला फार चांगला. पहिल्या नोकरीत सहा महिने मला टंकलेखन करायला लावलं. मी एका कंत्राटदाराच्या नकाशातली पातळीची चूक तिथल्या साहेबासमोर, त्या कंत्राटदारासमोर आणि चहावाल्यासमोर दाखवली, तेव्हा टंकलेखन सुटलं आणि मला चित्रफलक मिळाला. पुढे वर्ध्यात स्वतःचं ऑफिस थाटलं. आज तिथं अकरा माणसं आहेत, त्यातल्या सात मुली, आणि त्या सगळ्या माझ्यापेक्षा हळू आवाजात बोलतात.

पण गावात माझं नाव पडलं ते पडलंच. बस आता नव्या रस्त्यावरून जायची, आणि गावातल्या माणसाला ती धरायला चिखलाच्या पांदणीतून दीड मैल चालावं लागायचं. पावसात भिजलेली म्हातारी माणसं मला बघून म्हणायची, "आली वं रस्ता पळवणारी पोट्टी." हसून म्हणायची, पण म्हणायची. गुलाबकाका कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचा, "आमच्या खांड्यानं रस्ता हाकलला." सगळे हसायचे. मात्र आजारपणात मी त्याला भेटायला गेले, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "शके, आपण ते केलं नसतं, त बस दारात आली असती नं?" मी "हाव" म्हटलं. तो महिनाभरानं गेला.

मागच्या वर्षी तो रस्ता चौपदरी करायचं काम निघालं, आणि आराखडा माझ्या ऑफिसकडे आला. जुनी कागदपत्रं मागवली. एका कपाटातल्या फाइलीत, वाळवीनं कडा खाल्लेले, माझे कागद निघाले. माझ्या एकोणिसाव्या वर्षाच्या सरळ रेघा. आणि त्यांच्यावर लाल पेन्सिल. दुसऱ्या दिवसाच्या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात साल्पेकर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: "तेच सहा जोड. फक्त पहिली फेरी धरली." तिसऱ्या दिवसावर: "तेच. एक बैल खांडा, गाडीवान विसराळू." आणि सहाव्या दिवसाच्या चाळीसच्या चाळीस रेघांवर एक आडवी लाल काट, शेजारी: "आज पोळा. बैलाच्या मानेवर जू नाही. बैलगाड्या शून्य, पुरणपोळ्या सहा."

मी शेतकऱ्याची मुलगी. पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत हे मला चालायला लागायच्या आधीपासून माहीत, आणि चाळीस वर्षांत ही चूक माझ्या एकदाही लक्षात आली नव्हती. मी ऑफिसात एकटी मोठ्यानं हसले. मुली दारातून डोकावून गेल्या.

मग पान उलटलं आणि हसू थांबलं. पुढच्या पानावर जमिनीच्या तपासणीचा कागद होता. रपट्याच्या जागी भोक पाडून पाहिलं होतं: खोलपर्यंत काळी माती, खडक लागत नाही, पुलाचा पाया बसणार नाही. दीड मैल खाली खडक जवळ. म्हणून पूल तिथं, आणि रस्ता पुलामागे. बस्स. रहदारीचा त्यात संबंधच नव्हता. उलट साहेबांनी शेवटी लिहिलं होतं: "रहदारी अपुरी आहे. तरीही पुलाची शिफारस करीत आहे. रपटा पावसाळ्यात बंद राहतो. गतवर्षी येथील एक हुशार विद्यार्थिनी यामुळे प्रवेशाला मुकली." खाली सही.

आमच्या फेऱ्यांनी रस्ता आला नाही, आणि आमच्या फेऱ्यांनी तो गेलाही नाही. आम्ही चाळीस वर्षं ज्याची लाज आणि फुशारकी बाळगली, ते लाल पेन्सिलीनं तेव्हाच खोडून टाकलेलं होतं.

साहेब आहेत. नागपुरात मुलीकडे असतात, पंचाहत्तरीच्या आसपास, रोज फिरायला जातात. मी फोन केला. म्हटलं, "साहेब, फाइल सापडली." ते म्हणाले, "ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला." मी मोठ्यानं बोलले, माझा आवाज खदानीत पोचतो. ते म्हणाले, "लाइन खराब आहे." मी घरी गेले. मुलीनं चहा दिला, साहेबांनी माझ्या डब्यातल्या सांभारवड्या एकामागून एक संपवल्या, आणि मी प्रश्न विचारला की कानाला हात लावून हसले. "आणखी एक?" असं मी नुसतं पुटपुटले, ते मात्र त्यांना लगेच ऐकू आलं. "चालेल," म्हणाले.

कान गेले असतील, साहेब, पण डोळे शाबूत आहेत. त्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचत होता. म्हणून हे छापून तुमच्यापुढे ठेवते आहे. तुम्ही मला पूल दिलात, फॉर्म पाठवलात, ते मी मान्य करते, आणि घासाघिशीत ते वळतं करून घ्यायला तयार नाही; तो सौदा वेगळा. मला एवढंच सांगा: खुंट्यांपाशी, खुर्चीवर बसून, खडकामुळे रस्ता खाली गेला हे एक वाक्य तुमच्या तोंडून का निघालं नाही? मला धडा द्यायचा होता, तर मी एकटी पुरेशी होते. माझ्या मागे गुलाबकाका उभा होता. तो तुमचं ऐकून घरी गेला आणि मरेपर्यंत आपल्या बैलाला दोष देत राहिला. मी त्याला "हाव" म्हटलं, ते तुमच्यामुळे. उत्तर लेखी द्या. शेऱ्याच्या रकान्यात, लाल पेन्सिलीनं, सहीसकट. मी ते पळसझरीच्या फाट्यावर, त्याच निंबाखाली, मोठ्यानं वाचणार आहे.